बोटीचा विमा: आधी पाणी लिहून घ्या, मग रक्कम

प्रश्न असा आहे. घर बेळगावात. १८ फुटी फायबरची जुनी बोट नुकतीच घेतली आहे, मागे ६० एचपीचं आउटबोर्ड इंजिन. एरवी बोट घरीच ट्रेलरवर असते. दिवाळीपासून मेपर्यंत सुटीच्या दिवशी हिडकलच्या बॅकवॉटरमध्ये आणि वर्षातून दोन-तीन वेळा चोर्ला घाट उतरून गोव्यात, मांडवीत. एजंटाने तीन कोटेशन आणून दिली आहेत: फक्त थर्ड पार्टी, 'टोटल लॉस ओन्ली' (बोट पूर्ण गेली तरच भरपाई) आणि 'कॉम्प्रिहेन्सिव्ह'. यातलं कोणतं घ्यायचं?

तिसरं घ्या. पण आहे तसं सही करून घेतलंत तर जास्तीचा हप्ता बहुतेक वाया जाईल. कॉम्प्रिहेन्सिव्ह हा शब्द एजंटाचा, पॉलिसीचा नाही. मोटारीच्या विम्याची सवय असल्यामुळे लोक हप्ता आणि विम्याची रक्कम या दोनच आकड्यांवर घासाघीस करतात. बोटीचा दावा मात्र शेड्यूलमधल्या, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावरच्या, दोन साध्या ओळींवर अडतो: बोट कुठल्या पाण्यात चालणार आणि कशासाठी चालणार.

बोटीला १९६३ चा सागरी विमा कायदा लागतो आणि तो मोटार विम्यापेक्षा कडक आहे. पॉलिसीत एखादी गोष्ट 'वॉरंटी' म्हणून लिहिली असेल तर कलम ३५ प्रमाणे ती तंतोतंत पाळावी लागते, मग ती जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची असो वा नसो. मोडली की मोडल्या दिवसापासून कंपनी मोकळी. नंतर चूक दुरुस्त केली होती, हा बचावही चालत नाही. समजा 'अग्निशामक सिलिंडर मुदतीत असलं पाहिजे' अशी वॉरंटी आहे, सिलिंडरची मुदत डिसेंबरात संपली, तुम्ही जानेवारीत नवीन आणलं आणि फेब्रुवारीत बोट खडकावर आपटली. कागदावर दावा गेला. म्हणून कोटेशन वाचताना पहिलं काम हे, की 'वॉरंटेड' शब्द जिथे जिथे आहे तिथे पेनाने गोल करा आणि प्रत्येक गोलाला विचारा: हे मला वर्षाचे ३६५ दिवस जमणार आहे का? जमणार नसेल ते आधी काढून घ्या किंवा बदलून घ्या. पॉलिसी हातात आल्यावर कोणी ऐकत नाही.

आता पाणी. 'इनलँड वॉटर्स ऑफ कर्नाटका' एवढंच लिहिलेलं असेल तर मांडवीत झालेलं नुकसान तुमच्या खिशातून जाईल. नावं लिहून घ्या: हुक्केरी तालुक्यातला हिडकल जलाशय, सौंदत्तीकडे जायचा विचार असेल तर नविलुतीर्थाचा रेणुकासागर, गणेशगुडीला जाणार असाल तर सुपा जलाशय, आणि गोव्यातल्या मांडवी-जुवारीचं नदीचं पाणी. मांडवीच्या बाबतीत हद्द कुठे संपते तेही लिहून घ्या. पणजीच्या पुढे आग्वादपाशी मुखावर वाळूचा दांडा आहे, त्याच्या बाहेर उघडा समुद्र. सगळे जातात म्हणून तुम्हीही बाहेर गेलात आणि पॉलिसीत नदीच असेल तर तिथे विमा नाही. राकसकोप हे बेळगावच्या पिण्याच्या पाण्याचं तळं, त्याचं नाव यादीत घालायचा विचारही नको.

याला जोडूनच परवानगीचा मुद्दा येतो. सागरी विम्यात प्रवास कायदेशीर असलाच पाहिजे ही अट न लिहिताही गृहीत असते. हिडकलचं पाणी कर्नाटक नीरावरी निगमच्या ताब्यात आहे, तिथे बोट उतरवण्याची लेखी परवानगी फाइलमध्ये ठेवा. इंजिनाच्या बोटीची नोंदणी आणि तपासणी २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्याखाली येते. त्याच कायद्यात थर्ड पार्टी विम्याची सक्तीही आहे. कर्नाटकात बंदरे आणि अंतर्देशीय जलवाहतूक खात्याचं मुख्य ऑफिस कारवारला आहे, गोव्यात हे काम पणजीचं कॅप्टन ऑफ पोर्ट्स खातं बघतं. या कायद्याखालची नोंदणी दुसऱ्या राज्यातही चालते, पण उतरण्याचे आणि मोसमाचे स्थानिक नियम पाळावेच लागतात. जुनी बोट घेतली असेल तर नोंदणी आधी तुमच्या नावावर करा. पहिल्या मालकाच्या नावाने असलेली पॉलिसी बोटीबरोबर आपोआप तुमच्याकडे येत नाही.

दुसरी ओळ वापराची. शेड्यूलवर 'प्रायव्हेट प्लेझर' असतं. म्हणजे तुम्ही, घरचे, मित्र. पैसे घेऊन एक फेरी मारली तरी तो वापर बदलतो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला रेणुकासागरात चार फेऱ्या मारून पेट्रोलचे पैसे काढू, असं कोणी सुचवलं तर त्या चार फेऱ्यांची खरी किंमत अख्खी पॉलिसी आहे. मागे दोर बांधून ट्यूब किंवा स्की ओढणार असाल तर तेही सांगा. ओढल्या जाणाऱ्या माणसाच्या दुखापतीची जबाबदारी साध्या क्लॉजमध्ये वगळलेली असते.

आपल्याकडे अशा बोटींच्या पॉलिसीला बऱ्याचदा लंडनचे 'इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस', १९८५ ची आवृत्ती, जोडलेले असतात. पंधरा-वीस मिनिटांत वाचून होतात. बहुतेक जण वाचत नाहीत. त्यातलं एक कलम तुमच्या बोटीला नेमकं लागतं: ज्या बोटीचा कमाल डिझाइन वेग १७ नॉटपेक्षा जास्त, तिला 'स्पीडबोट क्लॉज'. १७ नॉट म्हणजे ताशी साधारण ३१ किलोमीटर. १८ फुटी बोट आणि ६० एचपी इंजिन हा वेग दोन माणसं बसवून सहज ओलांडतं. तुम्ही किती सावकाश चालवता याला अर्थ नाही, बोट किती वेगाने जाऊ शकते ते बघतात. प्रपोजल फॉर्ममध्ये वेगाचा रकाना रिकामा सोडू नका, आणि हप्ता कमी व्हावा म्हणून १५ तर मुळीच लिहू नका.

या क्लॉजमुळे तीन गोष्टी बदलतात. बोट चालू असताना तुम्ही स्वतः किंवा दुसरा सक्षम माणूस बोटीवर, सुकाणूपाशी असलाच पाहिजे. नवशिक्या भाच्याच्या हातात देऊन आपण काठावर फोटो काढत बसणं त्यात बसत नाही. दुसरं, उघड्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून बोट एकटी सोडली आणि ती बुडाली, पाण्याने भरली किंवा सुटून गेली, तर भरपाई नाही. हिडकलमध्ये हेच होतं: जेवायला काठावर उतरायचं, दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो, लाटा मागच्या बाजूने चढतात आणि आउटबोर्डच्या बोटीचा मागचा काठच सगळ्यात बुटका असतो. डब्यातली भाकरी संपेपर्यंत बोटीत पाणी. एक माणूस बोटीवर ठेवा, नाहीतर बोट वाळूवर ओढून ट्रेलरच्या विंचला बांधा.

तिसरं जास्त महागात पडणारं आहे. स्पीडबोट क्लॉजखाली सुकाणू, शाफ्ट आणि प्रोपेलर यांचं आपटून झालेलं नुकसान मिळत नाही, दुसऱ्या बोटीला किंवा धक्क्याला धडक बसली असेल ते सोडून. हिडकलला बोटीचं नुकसान कशाने होतं? धक्क्याने नाही, पाण्याखालच्या वस्तूंनी. ५१ टीएमसीच्या या जलाशयाची पातळी जानेवारीनंतर झपाट्याने उतरते आणि उन्हाळ्यात हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं. मंदिर दिसायला लागलं की लोक दुर्बीण घेऊन जातात, बोटवाल्याने मात्र त्यातून दुसरी गोष्ट समजून घ्यायची: त्याच पातळीवरचे बांध, विहिरींचे कठडे आणि झाडांचे बुंधे आता पाण्याखाली हात-दोन हातांवर आहेत. फेब्रुवारीत जिथून तुम्ही फुल थ्रॉटलने गेलात तिथेच एप्रिलमध्ये इंजिनाचा पाय आपटतो. प्रोपेलर वगळलेला आहे हे स्पष्ट आहे. पण त्याच्या वरचा गिअरकेस, म्हणजे लोअर युनिट, वगळलेला आहे की नाही यावर दरवेळी वाद होतो. म्हणून पॉलिसी घेतानाच ईमेलने विचारा: 'पाण्याखालच्या वस्तूला आपटून आउटबोर्डच्या लोअर युनिटचं झालेलं नुकसान या पॉलिसीत आहे का?' उत्तर 'नाही' आलं तर जादा हप्ता देऊन ते जोडून मिळतं का ते बघा. 'हो' आलं तर ते ईमेल पॉलिसीला टाचून ठेवा.

इंजिनाविषयी आणखी दोन कलमं. आउटबोर्ड सुटून पाण्यात पडलं तर भरपाई नाही, कारण काहीही असो. शंभर किलोहून जड इंजिन नुसत्या क्लॅम्पवर लटकवलेलं असेल तर ते आज ना उद्या पडणारच. ट्रान्समला, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला, आरपार बोल्ट हवेत आणि बोल्टांना लॉकनट. चोरीही सरसकट नसते. बोटीवरचं इंजिन चोरीला गेलं तर ते नेहमीच्या बोल्ट-क्लॅम्पखेरीज वेगळ्या कुलपाने बांधलेलं होतं, किंवा बंद जागा फोडून नेलं, हे दाखवावं लागतं. कुलपाचं बिल जपून ठेवा आणि कुलूप लावलेल्या अवस्थेतला फोटो काढून ठेवा, तारखेसह.

आता रक्कम. सर्वांत आधी विचारा की पॉलिसी 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू'ची आहे का. किंमत आधी ठरलेली असेल तर बोट पूर्ण गेली की तीच मिळते, त्या वेळी बाजारभावावर वाद होत नाही. किंमत ठरलेली नसेल आणि तुम्ही विमा कमी घेतला असेल तर उरलेल्या भागाची विमा कंपनी तुम्हीच ठरता. धरा, बोट आणि इंजिन मिळून १२ लाखांचं आहे आणि विमा ९ लाखांचा. दुरुस्ती २ लाख आली तर हिशोब दीड लाखाचा होतो, त्यातून २५ हजारांची वजावट (प्रत्येक दाव्यात तुम्ही सोसायची रक्कम) गेली की हातात सव्वा लाख.

याचा अर्थ रक्कम फुगवावी असाही नाही. बोट खरी ८ लाखांची आहे आणि पॉलिसीत १२ लाख ठरवलेत, आणि नुकसान ९ लाखांचं झालं, तर दुरुस्तीचा खर्च ठरलेल्या किमतीपेक्षा कमी म्हणून ती 'टोटल लॉस' धरली जात नाही. मग ८ लाखांच्या बोटीवर ९ लाख खर्चून दुरुस्ती करत बसा. 'टोटल लॉस ओन्ली' पॉलिसी असेल तर याच नुकसानीत एक रुपयाही मिळत नाही. त्या पॉलिसीचा हप्ता कमी का, ते इथे कळतं. बँकेचं कर्ज फेडून झालेली, जुनी, साधी बोट असेल आणि दुरुस्ती स्वतःच करणारा माणूस असेल तर ती ठीक. तुम्ही नुकतीच घेतली आहे, तुम्हाला नको.

किंमत तुकड्यांत लिहून घ्या: हल (बोटीचा सांगाडा) एवढी, इंजिन एवढं (सीरियल नंबरसह), ट्रेलर एवढा, इको-साउंडरसारखी (पाण्याची खोली मोजणारी) उपकरणं एवढी. ट्रेलर आपोआप धरला जात नाही. इंजिनाबाबत हेही लक्षात ठेवा की नव्याऐवजी जुनं म्हणून आउटबोर्डच्या दाव्यातून एक तृतीयांशपर्यंत कपात करण्याची मुभा कंपनीला असते आणि ती वजावटीच्या आधी होते. ३ लाखांचा दावा, १ लाख कपात, २५ हजार वजावट, हातात १ लाख ७५ हजार. ही कपात इंजिनाच्या पहिल्या काही वर्षांत लावणार नाही, असं लिहून मागता येतं. मिळेलच असं नाही, पण न मागता तर नक्कीच मिळत नाही.

थर्ड पार्टीची मर्यादा बऱ्याचदा बोटीच्या किमतीएवढी छापून येते. ती वाढवा. बोट १० लाखांची असली तरी पोहणाऱ्याला प्रोपेलर लागला तर भरपाई बोटीच्या किमतीकडे बघून ठरत नाही. माझ्या मते ५० लाखांपेक्षा कमी घेऊ नये. बोटीवरच्या पाहुण्यांची दुखापत यात येते, पगारी माणसाची येत नाही. महिन्याला पैसे देऊन कोणी नावाडी ठेवला असेल तर कर्मचारी भरपाईची पॉलिसी वेगळी. आणि बुडालेली बोट बाहेर काढण्याचा खर्च मर्यादेत आहे का ते विचारा, कारण जलाशयात बोट बुडाली की ती काढून न्या अशी नोटीस येऊ शकते आणि क्रेन-पाणबुड्यांचं बिल कधीकधी बोटीपेक्षा मोठं असतं. इंजिन दुरुस्तीवाल्याचा माणूस ट्रायल घ्यायला बोट घेऊन गेला आणि कोणाला धडकला तर ती जबाबदारी तुमच्या पॉलिसीत साधारणपणे नसते. ट्रायलला स्वतः जा.

रस्त्यावरचा भाग वेगळा. चोर्ला घाटात वळणावर ट्रेलर उलटला तर बोटीचं नुकसान तुमच्या बोटीच्या पॉलिसीत येतं, जर 'ट्रांझिट' लिहिलं असेल तर. पण त्या ट्रेलरने कोणाला उडवलं तर तो मोटार वाहन कायद्याचा विषय. KA-22 च्या तुमच्या गाडीच्या पॉलिसीवर ट्रेलर ओढण्याची नोंद करून घ्या आणि ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी आहे याची खात्री करा. सीमाभागात राहणाऱ्याला दंगल-बंदचं जोडकव्हर का घ्यायचं हे समजावायला नको. बाकी युद्ध, अणू वगैरे वगळलेलं असतंच.

पावसाळ्यात बोट घरी असते तेव्हाची पॉलिसी वाचा. पश्चिम किनाऱ्याच्या पॉलिसीत बहुतेक वेळा पावसाळ्यात बोट पाण्यात नको अशी अट असते. नेमक्या तारखा शेड्यूलवर बघा. हवामान छान आहे म्हणून त्या तारखांत एक दिवस जरी बोट उतरवली तरी वॉरंटी मोडते. बोट जमिनीवर असताना वादळ आणि पूर यांचं कव्हर शब्दांत लिहिलेलं हवं. यॉट क्लॉजमधली 'नदी-तलावाची जोखीम' घरामागच्या शेडमध्ये शिरलेल्या पुराला लागते की नाही यावर भांडायची वेळ येऊ देऊ नका. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा, दूधगंगा, घटप्रभेच्या काठावर पाणी कुठवर आलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. निपाणी, चिकोडी, गोकाककडच्या लोकांनी हा मुद्दा सगळ्यात वर ठेवावा. उंदरांनी वायरी कुरतडल्या तर मात्र काही नाही: कायद्याच्या कलम ५५ मध्ये उंदीर आणि किडे नाव घेऊन वगळलेले आहेत, झीज आणि वस्तूतला मूळ दोषही तसाच.

हा मूळ दोष जुन्या फायबर बोटीत ट्रान्सममध्ये असतो. ट्रान्सम म्हणजे इंजिन टांगायची मागची फळी, फायबरच्या दोन थरांत प्लायवूड. बोल्टच्या भोकांतून पाणी आत मुरतं आणि प्लाय आतून कुजतं. प्लॅस्टिकच्या हातोडीने इंचाइंचावर ठोकून बघा: चांगल्या जागी 'टक्क' वाजतं, कुजलेल्या जागी 'ढब्ब'. मग इंजिन अर्धं वर उचलून त्याचा खालचा पाय धरून वर-खाली हलवा. ट्रान्सम वाकताना दिसला तर विमा बाजूला ठेवा, आधी दुरुस्ती. कंपनी पाहणीसाठी सर्व्हेअर पाठवणार असेल तर बरंच, नसेल तर स्वतः पैसे देऊन हलची तपासणी करून घ्या. तुम्हाला माहीत असलेला दोष लपवून बोट पाण्यात घातली आणि त्याच दोषाने ती बुडाली तर कंपनी पैसे देत नाही आणि ते कायद्याने बरोबर आहे. याउलट ड्रेन प्लग, म्हणजे तळाचं बूच, लावायला विसरलात आणि बोट भरली, तर तो निष्काळजीपणा असला तरी तेवढ्यावरून दावा सहसा फेटाळता येत नाही. कायदा जाणूनबुजून केलेल्या कृत्याला वगळतो, विसराळूपणाला नाही. तरी बुचाची किल्ली गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवा.

नुकसान झालंच तर क्रम असा: आधी माणसं, मग बोट वाचवणं, मग फोटो, मग फोन. कलम ७८ प्रमाणे नुकसान वाढू नये म्हणून वाजवी प्रयत्न करणं हे तुमचं कर्तव्य आहे, आणि पॉलिसीत तसं कलम असेल तर तो खर्च वेगळा मिळतो. सर्व्हेअर येईपर्यंत हात लावू नका असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. बुडालेलं इंजिन बाहेर काढल्यावर स्टार्टर मारायचा नाही. स्पार्क प्लग काढा, सिलिंडरमधलं पाणी निथळू द्या, गोड्या पाण्याने धुवा, तेल फवारा आणि काही तासांत मेकॅनिककडे न्या. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं की आत गंज धरतो आणि मग हे नुकसान बुडण्याचं की उशिराचं, हा प्रश्न सर्व्हेअर विचारणार. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून ठेवा, भंगारात देऊ नका.

चोरी किंवा अपघाताची पोलीस तक्रार आणि पंचनामा, म्हणजे इथला महजर, कन्नडमध्ये असेल. इंजिन नंबर, बोटीचं नाव आणि तारीख त्यात बरोबर उतरली आहे का ते सही करण्याआधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. एका आकड्याची चूक निस्तरायला महिना जातो. सोबत भाषांतराची प्रत जोडा, सर्व्हेअर कोल्हापूरहून किंवा गोव्याहून आलेला असू शकतो. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवस वाट, मग विमा लोकपाल. पॉलिसी गोव्याच्या शाखेची असली तरी तुमचं राहतं घर बेळगावात असेल तर बेंगळूरच्या लोकपालाकडे जाता येतं.

आणि नूतनीकरणाची तारीख सप्टेंबरात ठेवा. मोसमाआधी बोट तपासून होते, अग्निशामक सिलिंडरची मुदत आणि कुलपं बघून होतात, वर्षभरात बसवलेलं नवं सामान किमतीत घालता येतं. हप्ता मुदत संपण्याआधी कंपनीच्या खात्यात पोचला पाहिजे. विमा कायद्याच्या कलम ६४-व्हीबी प्रमाणे पैसे मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, त्यामुळे एजंटाच्या हातात दिलेला चेक म्हणजे विमा नव्हे. कोटेशनवर १८ टक्के जीएसटी धरलेला आहे का तेही आत्ताच बघा.